डॉक्टर हर्मान रोर्शाक

वहीवर शाईचा डाग पडला म्हणजे विद्यार्थ्यास बोलणी खावी लागतात. परंतु अशाच डागांच्या साहाय्याने मनुष्याच्या विचारांची ठेवण मोजू पाहणाऱ्या एका वैद्याचे चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहोत.

हर्मान रोर्शाक यांचा जन्म ता. ८ नोव्हेंबर १८८४ रोजी स्वित्झर्लंडातील झुरिक शहरी झाला. वडील चित्रकलेचे शिक्षक होते. बाराव्या वर्षी मातेचे व अठराव्या वर्षी पित्याचे छत्र हरपले. शाईच्या डागांतून चित्रे शोधणे हा तिकडील मुलांचा आवडता खेळ असे. सोबत्यांनी हर्मान यांस डाग अशा अर्थाचेच टोपणनाव दिले होते. चित्रकलेची ओढ असूनही त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला, आणि १९१५ पासून ते हेरिसाऊ येथील मनोरुग्णालयात काम करू लागले.

तेथे त्यांनी डागांची १० चित्रे निवडली व त्यांत काय दिसते ते सुमारे ४०० रोगी व निरोगी माणसांस विचारले. काय दिसले याहून कसे दिसले याकडे त्यांचे लक्ष असे. कोणी सबंध डाग पाही, कोणी त्याचा कोपरा. कोणास आकार मोही, कोणास रंग. कित्येक प्रकाशकांनी नाकारलेला त्यांचा ग्रंथ अखेर १९२१ साली निघाला. तो फारसा खपला नाही. पुढील वर्षी, ता. २ एप्रिल रोजी, आंत्रपुच्छाच्या विकाराने वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी ते निवर्तले.

त्यांची कीर्ती मागाहून जगभर पसरली. आपली पद्धत अपुरी आहे, हे ते स्वतः जाणून होते. पुढील संशोधनात असे आढळले की, विचारांचा विस्कळितपणा तिने बराच कळतो. मात्र खिन्नता वा चिंता मोजण्यास ती भरवशाची नाही. त्याकरिता प्रश्नावल्या निघाल्या. १९६१ साली अमेरिकेतील डॉ. आरन बेक यांनी खिन्नतेसाठी २१ प्रश्नांची एक रचली. तथापि कोणतेही एकच माप सबंध मन सांगत नाही. दुःखिताला जग कसे दिसते हे आदराने विचारावे, हाच रोर्शाक यांच्या श्रमांचा खरा ठेवा होय.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे. मूल अन्न टाळू लागले, सदा भयभीत वा खिन्न राहू लागले, तर त्यास हट्टी किंवा आळशी ठरविण्यापूर्वी त्याचे ऐकून घ्यावे व वैद्याकडे न्यावे. मोडनिंबसारख्या गावीही १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो. विद्यार्थिमित्रांनीही मनाचे दुखणे लपवू नये; पायात रुतलेला काटा दाखविण्यास जशी लाज नसते, तशीच येथेही नसावी.