डोंगरातल्या लेकरांचा पाठीराखा : संत जोसेफ वाझ



दरवर्षी १६ जानेवारीला आपण संत जोसेफ वाझ यांचा सण साजरा करतो. आपल्यापैकी बरेच जण आंबोली घाट उतरून गोव्याला यात्रेला जातात. त्याच गोव्यात, बाणावली गावी, २१ एप्रिल १६५१ रोजी त्यांचा जन्म झाला. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले. गोव्यातून कानडा मुलखात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची त्यांनी १६८१ ते १६८४ या काळात सेवा केली. घरदार सोडून गेलेल्या माणसाला धर्मगुरूची किती गरज असते, हे त्यांनी तिथे पाहिले.

त्याच सुमारास श्रीलंकेतून दुःखद बातम्या येत होत्या. १६५८ पर्यंत डचांनी तेथील पोर्तुगीजांचा किनारा जिंकला होता आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. मात्र आतल्या डोंगराळ भागात कँडीच्या बौद्ध राजांनी ख्रिस्ती लोकांना आसरा दिला होता. मातले परिसरातले वहाकोट्टे हे गाव अशाच पोर्तुगीज वंशाच्या ख्रिस्ती लोकांनी वसवलेले आहे. शेतीला जमीन होती, डोक्यावर छप्पर होते. पण मिस्सा अर्पण करायला कोणी नव्हते.

फादर वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेषात जाफन्याला पोहोचले. १६९२ मध्ये ते कँडीला गेले, तेव्हा हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. त्यांनी तिथेच प्रार्थनेची जागा उभी केली. पुढे राजाचा विश्वास बसला आणि त्यांना मोकळीक मिळाली. १६९७ मध्ये देवीची साथ आली. लोक रोग्यांना रानात सोडून पळू लागले, तेव्हा फादर वाझ व त्यांचे सहकारी धर्म न विचारता रोग्यांची सेवा करीत राहिले. जंगलवाटा तुडवीत त्यांनी विखुरलेल्या ख्रिस्ती वस्त्या पुन्हा संस्कारांशी जोडल्या. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास कँडीतून धर्मगुरूंना हद्दपार करण्यात आले. तरी वहाकोट्टेची श्रद्धा विझली नाही. ते गाव आजही कॅथलिक आहे आणि तेथील संत अंतोनीचे मंदिर मोठे यात्रास्थान आहे. धर्मगुरू नसताना घराघरांतल्या आईबापांनीच श्रद्धेचा दिवा तेवत ठेवला असणार.

आम्हाला इथे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. आपल्या कोल्हापुरातही नोकरीधंद्यासाठी आलेली अनेक कुटुंबे आहेत. आपल्याला दर रविवारी मिस्सा मिळते. पण संध्याकाळी घरात जपमाळ होते का? शेजारी नव्याने राहायला आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाचे दार आपण कधी ठोठावले आहे का? या आठवड्यात निदान एका घरी जाऊन येऊ या. संत जोसेफ वाझ, आम्हासाठी विनंती कर.