हृदयाच्या रेषेला माप देणारा प्राध्यापक

रुग्णालयातला ईसीजी तंत्रज्ञ रुग्णाच्या हातापायांना चिमटे लावतो. लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला आणि काळा उजव्या पायाला. छातीवर आणखी सहा ठिकाणी तारा चिकटवल्या जातात आणि काही सेकंदांत चौकटीच्या कागदावर रेषा उमटते. ही पट्टी परळच्या रुग्णालयात काढलेली असली, तरी लंडन किंवा टोकियोतल्या डॉक्टरांना ती कोणाला काही न विचारता वाचता येते. कारण कागद बहुतेक ठिकाणी सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो आणि १ मिलिव्होल्ट दाबाला रेषा १० मिलिमीटर उंच जाते. ही मापे, रेषेवरच्या चढउतारांची पी, क्यू, आर, एस, टी ही नावे आणि हातापायांवरच्या पहिल्या तीन लीड, हे सारे एकाच माणसाचे देणे आहे. त्यांचे नाव विलेम आइंटहोव्हेन.

आइंटहोव्हेन डच, पण त्यांचा जन्म हॉलंडमधला नव्हे. २१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारांग येथे ते जन्मले. इंडोनेशियातली ही बेटे तेव्हा डच वसाहत होती आणि वडील तेथे डॉक्टर होते. विलेम लहान असतानाच ते वारले. १८७० मध्ये आई सहा मुलांना घेऊन मायदेशी परतली आणि उट्रेक्ट शहरात राहू लागली. वैद्यकीय शिक्षण परवडावे म्हणून विलेमने लष्कराची शिष्यवृत्ती पत्करली. अट अशी, की पदवीनंतर वसाहतीत लष्करी डॉक्टर म्हणून नोकरी करायची. सारे ठरल्याप्रमाणे झाले असते, तर हा मुलगा जावातल्या एखाद्या छावणीत मलेरियाचे रुग्ण तपासत निवृत्त झाला असता.

तसे झाले नाही. विद्यार्थिदशेत व्यायामशाळेत पडून त्यांचे मनगट मोडले. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी कोपराच्या सांध्याच्या हालचालींचा अभ्यास केला आणि तो प्रसिद्धही केला. वल्हवणे, तलवारबाजी आणि व्यायाम यांची त्यांना आवड होती. उट्रेक्टच्या विद्यार्थ्यांचा नौकाक्लब स्थापणाऱ्यांत तेही होते. १८८५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी लायडन विद्यापीठाने त्यांची शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकपदी नेमणूक केली. वय अवघे २५. लष्कराचे पैसे मात्र त्यांना फेडावे लागले. पुढची ४२ वर्षे त्यांनी लायडन सोडले नाही.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीरात क्षीण वीज निर्माण होते, हा त्यांचा शोध नव्हे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये माणसाच्या हृदयाची वीज छाती न उघडता टिपून दाखवली होती. वॉलर यांना प्रयोग चारचौघांत करून दाखवण्याची हौस होती. त्यांचा जिमी नावाचा बुलडॉग मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय बुडवून शांतपणे उभा राही. कुत्र्याचे हाल होतात म्हणून १९०९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला, इतका जिमी प्रसिद्ध झाला. वॉलर यांचा असाच एक प्रयोग आइंटहोव्हेन यांनी १८८९ मध्ये बाझेल येथील परिषदेत पाहिला.

वॉलर यांचे उपकरण म्हणजे केशिका इलेक्ट्रोमीटर. बारीक काचनळीत पारा आणि त्यावर सौम्य गंधकाम्ल. वीज आली की पाऱ्याची पातळी हलते आणि तिची सावली प्रकाशचित्रात टिपली जाते. पण पारा जड. हृदयाची वीज सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात वरखाली होते, तेव्हा पारा मागे रेंगाळतो आणि चित्र बोथट निघते. आइंटहोव्हेन यांनी आधी गणिताचा मार्ग धरला. पारा किती मागे पडतो ते मोजून प्रत्येक रेषेचे खरे रूप ते आकडेमोडीने काढू लागले. या दुरुस्त केलेल्या रेषेवरील पाच बिंदूंना त्यांनी १८९५ मध्ये पी, क्यू, आर, एस, टी अशी नावे दिली. गंमत अशी, की ज्या वक्राला ही नावे मिळाली तो तोपर्यंत कोणत्याही यंत्राने काढलेलाच नव्हता; तो कागदावर हिशेबाने काढलेला होता. प्रयोगशाळेबाहेरच्या दगडी रस्त्यावरून घोडागाडी गेली, की पारा थरथरे. त्यावर उपाय म्हणून जमीन खोल खणून खाली मोठे दगड भरावे लागले.

पण प्रत्येक रुग्णामागे आकडेमोड करत बसणे कोणत्याच रुग्णालयाला शक्य नव्हते. हिशेबाने मिळणारी रेषा सरळ यंत्रातून निघाली पाहिजे, असे यंत्र त्यांना हवे होते. त्यातून तंतू गॅल्व्हानोमीटर जन्माला आला. १९०१ मध्ये त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले आणि १९०३ मध्ये सविस्तर मांडणी आली. कल्पना सोपी होती. जबरदस्त विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा तंतू ताणून धरायचा. हृदयाची वीज त्यातून गेली की तंतू बाजूला झुकतो. त्याची सावली सूक्ष्मदर्शकातून शेकडो पटींनी मोठी करून सरकत्या प्रकाशचित्र पट्टीवर पाडायची. तंतू हलका, म्हणून तो रेंगाळत नाही.

कल्पना सोपी असली, तरी करणी महाकठीण होती. तंतूची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या हिश्शाइतकी. क्वार्ट्झ प्रखर ज्योतीत वितळवायचा, त्याला बाण जोडून धनुष्यातून सोडायचा आणि बाणामागे ताणला गेलेला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा धागा शोधायचा. मग त्याला चांदी चढवायची. हे काम लेखणीने होणारे नव्हते. त्याला कसबी हात लागत. आइंटहोव्हेन यांना ते प्रयोगशाळेतले कारागीर व्हॅन डर वुर्ड यांच्या रूपाने लाभले. शोधनिबंधांवर नाव प्राध्यापकांचे असले, तरी यंत्र उभे राहिले ते दोघांच्या मेहनतीतून.

तयार झालेले यंत्र अवाढव्य होते. वजन सुमारे २७० किलो. त्याने दोन खोल्या व्यापल्या, ते चालवायला पाच माणसे लागत आणि तापणाऱ्या चुंबकाला थंड ठेवण्यासाठी पाणी खेळवावे लागे. रुग्ण दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. निघालेली रेषा मात्र इतकी स्वच्छ होती, की हिशेबाने काढलेल्या वक्राशी ती जुळली. आठ वर्षांपूर्वी कागदावर मांडलेले गणित यंत्राने खरे ठरवले. याच मांडणीत त्यांनी पट्टीवर उभ्याआडव्या रेषांची जाळी पाडून वेळ आणि दाब यांची मापे पक्की केली. जोडण्याही तीनच ठरवल्या: दोन हात, उजवा हात आणि डावा पाय, डावा हात आणि डावा पाय. या तीन टोकांच्या त्रिकोणातून हृदयातल्या विजेची दिशा कशी काढायची, ते त्यांनी पुढे १९१२-१३च्या सुमारास मांडले. यंत्र कोणीही चालवो, पट्टी एकसारखीच निघावी, हा त्यांचा कटाक्ष होता. आज बारा लीडचा ईसीजी काढला जातो, त्यातल्या सहा छातीवरच्या आणि तीन हातापायांच्या लीड नंतरच्या संशोधकांनी जोडल्या. पहिल्या तीन अजून त्यांच्याच आहेत.

अडचण एकच उरली. यंत्र प्रयोगशाळेत आणि रुग्ण रुग्णालयात, मध्ये दीड किलोमीटरचे अंतर. गंभीर आजारी माणसाला तिथवर आणायचे कसे? त्यांनी दोन्ही इमारती टेलिफोनच्या तारेने जोडल्या. रुग्ण आपल्या खाटेपाशीच राही आणि त्याच्या हृदयाची वीज तारेतून प्रयोगशाळेत येई. २२ मार्च १९०५ रोजी या तारेवरून पहिला आलेख आला, तो मात्र रुग्णाचा नव्हता. एक धडधाकट गृहस्थ सायकलवरून रुग्णालयात पोचले होते. त्यांची आर लाट नेहमीपेक्षा उंच निघाली आणि तिचे कारण सायकलची दमछाक असे मानले गेले. १९०६ मध्ये आइंटहोव्हेन यांनी रुग्णांचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांत वेळेआधी पडणारे ठोके होते, वरच्या कप्प्यांचा निरोप खालच्या कप्प्यांपर्यंत न पोचणारा हार्ट ब्लॉक होता, वरच्या कप्प्यांची बेशिस्त थरथर होती. आज अतिदक्षता विभागाच्या मध्यवर्ती पडद्यांसमोर बसून तंत्रज्ञ अनेक खाटांवरच्या हृदयांची लय एकाच वेळी न्याहाळतो. त्या कामाची सुरुवात लायडनच्या या तारेत शोधायला हरकत नाही. रुग्णाला हिंडताफिरता ठेवून दिवसभराची लय टिपणारे नॉर्मन होल्टर यांचे यंत्र जगापुढे यायला १९६१ उजाडावे लागले.

वैद्यकीय जगताने या यंत्राचे लगेच स्वागत केले, असे नाही. रुग्णालयांत या आलेखाचा फारसा उपयोग होईल असे खुद्द वॉलर यांनाही १९११ मध्ये वाटत नव्हते. यंत्राचे व्यापारी उत्पादन आधी म्यूनिकच्या एडेलमान यांनी सुरू केले. त्यांनी काही काळाने मानधन देणे थांबवले. मग केंब्रिजची शास्त्रीय उपकरणांची कंपनी पुढे आली. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र होरेस डार्विन तिचे प्रमुख होते. त्यांनी यंत्राचा आकार मेजाएवढा केला आणि १९११च्या सुमारास ते डॉक्टर थॉमस लुईस यांच्या हाती आले. लुईस यांनी नाडीच्या अनियमितपणाचे कोडे रुग्णांमागून रुग्ण तपासून उलगडले. आइंटहोव्हेन यांनी यंत्र दिले आणि लुईस यांनी ते रुग्णाच्या कामाचे केले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. आइंटहोव्हेन यांचे मतही याहून फार वेगळे नव्हते. लुईस यांच्या कामाशिवाय आपल्याला हा मान मिळाला असता का, अशी शंका त्यांनी नोबेल व्याख्यानात जाहीरपणे व्यक्त केली.

नोबेल पारितोषिक १९२४चे. ते जाहीर झाले तेव्हा आइंटहोव्हेन अमेरिकेत व्याख्याने देत फिरत होते. घरी परतल्यावर त्यांनी व्हॅन डर वुर्ड यांचा शोध घेतला, अशी हकीकत सांगितली जाते. कारागीर तोवर वारले होते. त्यांच्या दोन बहिणी हलाखीत दिवस काढत होत्या. आइंटहोव्हेन यांनी पारितोषिकाच्या रकमेतला निम्मा वाटा त्यांना दिला.

अखेरच्या वर्षांत त्यांच्या तंतूने वेगळेच काम केले. विद्युत अभियंता झालेला त्यांचा मुलगा, नाव त्याचेही विलेम, याच्यासह त्यांनी तंतू हवा काढलेल्या पोकळीत बसवला आणि जावाहून येणारे बिनतारी संदेश त्यावर टिपले. जन्मभूमीशी जोडणारी ही तार मुलाने पुढे चालवली. तो बांडुंग येथे रेडिओ प्रयोगशाळेत गेला आणि १९४५ मध्ये जपान्यांच्या कैदेत मरण पावला. वडिलांना ते पाहावे लागले नाही. पोटाच्या कर्करोगाने २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडन येथे त्यांचे निधन झाले. शहराजवळच्या उग्स्टगेस्ट गावी चर्चच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले.