द्वारम वेंकटस्वामी नायडू : विद्यार्थी व्हायला गेले, प्राध्यापक झाले

मुलांना व्हायोलिन शिकवायचे ठरले, की आपल्या मंडळातील पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : शिक्षकांचे स्वतःचे शिक्षण काय? प्रश्न रास्तच आहे. पण हा प्रश्न कोणी द्वारम वेंकटस्वामी नायडू यांच्याबद्दल विचारला असता, तर उत्तर देणे अवघड गेले असते. तेलुगू घरांत हे नाव आजही आदराने घेतले जाते. आपण मराठी माणसे इतकी वर्षे हैदराबादेत राहतो, तरी आपल्यापैकी थोड्यांनाच ते माहीत असेल, म्हणून हा परिचय.

त्यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1893 रोजी, ऐन दिवाळीत बंगळुरूला झाला. वडील लष्करात होते. बालपण विशाखापट्टणमला गेले. लहानपणापासून दृष्टी फार अधू होती, आणि फळ्यावरचे दिसत नाही म्हणून शाळा सुटली, असे सांगतात. त्या काळी अशा मुलाचे पुढे काय होणार, ही घरच्यांना केवढी काळजी असेल! थोरले बंधू व्हायोलिन वाजवत. त्यांनीच धाकट्याच्या हाती गज दिला. कर्नाटक पद्धतीत व्हायोलिनचे टोक पायावर टेकवून, मांडी घालून वाजवतात. समोर कागद नसतो, गुरूचे ऐकायचे आणि बोटांनी तारेवर शोधायचे. डोळ्यांवाचून अडावे असे त्यात फारसे काही नाही.

1919 साली विजयनगरमच्या महाराजांनी संगीत महाविद्यालय काढले (आंध्रातले विजयनगरम, हंपीचे नव्हे). दरबारातील एका अधिकाऱ्याच्या अंध मुलाला विद्या मिळावी, या विचारातून ते निघाले, असे म्हणतात. हरिकथेचे पितामह आदिभट्ल नारायण दासू हे पहिले प्राचार्य. आपल्या कीर्तनाशी हरिकथेचे जवळचे नाते असल्याने हे नाव तरी काहींच्या कानावर असेल. सव्वीस वर्षांचे द्वारम तिथे प्रवेश मागायला गेले. त्यांचे वादन ऐकल्यावर त्यांना विद्यार्थी म्हणून नव्हे, व्हायोलिनचे प्राध्यापक म्हणूनच नेमले गेले, अशी कथा आहे. आम्ही बँकेत नोकरभरतीचे कागद पुष्कळ पाहिले, पण असा अर्जदार एकही पाहिला नाही. आजच्या नियमांत तो पहिल्या चाळणीतच गळाला असता. 1936 मध्ये तेच तिथले प्राचार्य झाले. पुढे तेलुगू चित्रपटांचे लाडके गायक घंटसाला आणि पी. सुशीला याच महाविद्यालयात शिकले.

कर्नाटक मैफलीत व्हायोलिनची जागा गायकाच्या बाजूला, साथीची. आपल्याकडे पेटीवाल्याची असते तशी. 1938 मध्ये वेल्लोरला द्वारम यांनी एकट्याच्या व्हायोलिनची मैफल केली, आणि हे वाद्य मध्यभागी येऊन बसले. आमच्या मते ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी, मानसन्मान त्यानंतरचे. पाश्चात्त्य वादकांच्या गजकामाचीही त्यांना मोठी ओढ होती. यहुदी मेनुहिन 1952 मध्ये भारतात आले, तेव्हा मद्रासला त्यांनी द्वारम यांचे वादन मुद्दाम ऐकले.

त्याच सुमारास आपल्याकडे गजाननबुवा जोशी ग्वाल्हेरची गायकी व्हायोलिनवर उतरवत होते. तेही मुळात गवई घराण्यातले, व्हायोलिन बरेचसे स्वतःच्या कष्टाने कमावलेले. दोन प्रांत, दोन पद्धती, पण दोघांच्याही गजात गळा होता.

1941 मध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीने द्वारम यांना संगीत कलानिधी हा मान दिला, 1957 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची कन्या मंगतायारू यांनीही व्हायोलिनच हाती घेतले. 25 नोव्हेंबर 1964 रोजी द्वारम वारले, ते आपल्या या हैदराबादेतच.