डॉ. जॉर्ज हंटिंग्टन : तीन पिढ्यांची नोंद

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर ईस्ट हॅम्प्टन हे गाव आहे. तेथील डॉक्टर वडिलांबरोबर रुग्ण पाहण्यास निघालेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला झाडीतल्या रस्त्यावर दोन स्त्रिया दिसल्या. उंच, कृश अशा त्या मायलेकी चालताना सारख्या वाकत होत्या, अंगाला पिळे देत होत्या, त्यांचे चेहरे वेडेवाकडे होत होते. वडील त्यांच्याशी बोलायला थांबले. मुलगा मात्र भेदरून गेला. हे दृश्य पुढे जन्मभर त्याच्या मनातून गेले नाही.

डॉ. जॉर्ज हंटिंग्टन यांचा जन्म ९ एप्रिल १८५० चा. आजोबा एबेल १७९७ मध्ये या गावी येऊन वैद्यकी करू लागले आणि वडील जॉर्ज ली यांनी ती पुढे चालवली. गावातील काही घराण्यांत हा विकार होता. त्याचे नाव काढणेही ती माणसे टाळत. पण हंटिंग्टनांच्या घरात आजा, बाप आणि मुलगा अशा रुग्णांच्या तीन-तीन पिढ्यांची माहिती साठली होती. शहरातल्या नामवंत रुग्णालयांना हे भांडवल मिळणे कठीण होते.

१८७१ मध्ये कोलंबियातून पदवी घेऊन जॉर्ज ओहायोत गेले. १५ फेब्रुवारी १८७२ रोजी मिडलपोर्ट येथे डॉक्टरांच्या सभेत त्यांनी ‘कोरिया’ या विकारावर निबंध वाचला. वय २२ देखील पूर्ण नव्हते. निबंधाचा बहुतांश भाग मुलांमध्ये आढळणाऱ्या नेहमीच्या कोरियाविषयी होता. घशातील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाशी त्या विकाराचा संबंध असतो आणि काही महिन्यांत तो बहुधा ओसरतो, हे आज ठाऊक आहे. पुन्हा संसर्ग होऊ नये म्हणून पेनिसिलिन दिले जाते. ऱ्हुमॅटिक ताप आपल्याकडून अजून पुरता हटलेला नाही, म्हणून हा भेद येथील डॉक्टरांनाही लक्षात ठेवावा लागतो.

निबंधाच्या शेवटी मात्र लाँग आयलंडच्या त्या घराण्यांची हकिकत आली. हा विकार वंशपरंपरेने येतो, प्रौढ वयातच डोके वर काढतो आणि रुग्णाला मनोविकार व आत्महत्येकडे ओढतो, अशी तीन लक्षणे त्यांनी सांगितली. एखादे अपत्य त्यातून सुटले, तर त्याच्या वंशात तो पुन्हा उद्भवत नाही, हेही त्यांनी नोंदवले. मेंडेलचे नियम तेव्हा छापून झाले होते. त्यांची दखल घेतली गेली ती १९०० मध्ये.

निबंध एप्रिल १८७२ मध्ये फिलाडेल्फियाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचा गोषवारा जर्मनीत पोहोचला आणि विकाराला हंटिंग्टन यांचे नाव मिळाले. चार्ल्स वॉटर्स आणि नॉर्वेचे लुंड यांनी असे रुग्ण आधीच वर्णिले होते. तथापि इतके नेमके आणि आटोपशीर वर्णन दुसऱ्या कोणाचे नव्हते. या श्रेयात वडील आणि आजोबांचा वाटा मोठा होता, हे जॉर्ज यांनी स्वतः मान्य केले. संशोधनाकडे ते पुढे वळलेच नाहीत. न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात ते साधे घरचे डॉक्टर म्हणून राहिले. बासरी वाजवत, चित्रे काढत. ३ मार्च १९१६ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठची कुटुंबेही याच विकाराने ग्रासलेली होती. त्यांनी दिलेल्या रक्तनमुन्यांची मदत होऊन १९८३ मध्ये दोषाचा माग चौथ्या गुणसूत्रापर्यंत लागला; १९९३ मध्ये जनुक हाती आले. आई किंवा वडिलांना विकार असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. रक्ताच्या तपासणीतून हे आधीच कळू शकते. अंगाच्या हालचाली आणि मानसिक त्रास औषधांनी काहीसा आवरता येतो. विकार बरा करणारा उपाय अद्याप उपलब्ध नाही. त्यामुळेच तपासणीपूर्वी समुपदेशन केले जाते, आणि धोका असलेल्यांपैकी बहुतेक जण ती करून न घेणेच पसंत करतात.