बाळूंची फिरकी आणि जिमखान्याचा उंबरठा

रविवारची सकाळ आणि आझाद मैदान, हे समीकरण मुंबईकराला नवे नाही. एकमेकांत घुसलेल्या सीमारेषा, शेजारच्या सामन्यातून येणारे चेंडू, तंबूतला कटिंग चहा आणि हौशी क्लबांचे वर्षानुवर्षे चालत आलेले सामने. या गर्दीत एक माणूस मात्र सगळ्यांच्या आधी आलेला असतो. पहाटे रोलर फिरवणारा, चुन्याच्या रेषा आखणारा, जाळी बांधणारा माळी. सामना सुरू झाला की तो कडेला जाऊन बसतो आणि धावफलकावर त्याचे नाव कधीच येत नाही.

एका माळ्याचे नाव मात्र आले. त्याची ही कहाणी शतकाहून अधिक जुनी आहे. पालवणकर बाळू हे ते नाव. भारताचा पहिला थोर गोलंदाज म्हणून आज अभ्यासक त्यांच्याकडे बोट दाखवतात. पण त्यांच्या आयुष्याचा खरा सामना प्रतिस्पर्धी फलंदाजांशी नव्हता. तो होता क्लबाच्या उंबरठ्याशी.

बाळूंचा जन्म १८७५-७६च्या सुमाराचा, धारवाडचा. घराणे कोकणातल्या पालवण गावचे, जात चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने कुटुंब पुण्याला आले आणि छावणीच्या आसऱ्याने मुलांना क्रिकेट दिसले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि धाकटे शिवराम खेळू लागले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे भाऊही याच वाटेने गेले. एकाच घरातून चार उत्तम खेळाडू निघण्याची उदाहरणे भारतीय क्रिकेटमध्ये विरळाच.

शाळा अर्ध्यावर सुटली आणि पोटापाण्यासाठी बाळू पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्लबात कामाला लागले. खेळपट्टी झाडायची, लाटायची, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात गेले. तिथे महिना चार रुपये मिळू लागले. कामही वाढले. खेळपट्टी तयार करणे, सरावाची जाळी उभारणे आणि फावल्या वेळात टेनिसच्या मैदानाच्या रेषा आखणे.

या जिमखान्यात कॅप्टन ग्रेग नावाचे अधिकारी खेळत. बुटके, चपळ आणि त्या काळच्या हिंदुस्थानातले बहुधा सर्वोत्तम गोरे फलंदाज. इतर सभासद येण्याच्या तासभर आधी ग्रेग मैदानावर हजर होत आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावत. आपल्याला बाद केले की ग्रेग दर वेळी आठ आणे देत, अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, चार रुपये पगाराच्या माणसासाठी आठ आणे म्हणजे किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा. डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीतले सारे डावपेच बाळूंना याच जाळीत गवसले. चेंडूला उंची देणे, दोन्ही बाजूंना वळवणे, वेग बदलणे, टप्पा हवा तिथेच ठेवणे.

जिमखान्यात शेकडो तास गोलंदाजी केलेल्या या माणसाला जाळीत बॅट धरण्याची संधी मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा विशेषाधिकार होता. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, तेव्हा ते नोकराने करावे. क्रिकेटच्या जन्मभूमीतही हौशी सरदार आणि पगारी गोलंदाज असा भेद होताच. इथे त्यावर जातीचा थर चढला.

बाळूंची कीर्ती गावात पसरली तेव्हा पेच पुण्याच्या हिंदू संघापुढे उभा राहिला. युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेत. बाळू हवेत तर अस्पृश्याबरोबर खेळावे लागणार. संघात दोन तट पडले. काही तेलुगू सभासद त्यांना घ्यावे म्हणत होते, अनेक पुणेरी ब्राह्मणांचा विरोध होता. अखेर जिंकण्याची ओढ सोवळ्यावर मात करून गेली आणि बाळू संघात आले.

आले, पण कुठवर? मैदानात चेंडू त्यांच्या हातून यष्टिरक्षकाकडे आणि तिथून सगळ्यांच्या हातात फिरे, तेव्हा विटाळ होत नसे. चहाची वेळ झाली की तो होई. इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा घेत, बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे पान वेगळे, बसायची जागा वेगळी. दहा-अकरा जणांच्या घामात मिसळलेला घाम सीमारेषा ओलांडताच वेगळा कसा होतो, हा प्रश्न त्या पॅव्हेलियनमधल्या सुशिक्षितांना पडला नसेल असे वाटत नाही. पडला असेल आणि त्यांनी तो गिळला असेल.

बाळूंनी बळी घेतले आणि पुण्याचे हिंदू युरोपियनांवर विजय मिळवू लागले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धही ते असेच चमकले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर सत्कार केल्याची आणि लोकमान्य टिळकांनीही त्यांना गौरवल्याची नोंद आहे. सत्काराच्या हाराने चहाचे मातीचे भांडे लगेच सुटले, असे नव्हे. पण एकत्र खेळता तर एकत्र जेवायला काय हरकत, हा विचार पुण्याच्या हवेत आला आणि तो एका खेळपट्टीमुळे आला.

शतक संपता संपता प्लेगने पुणे ग्रासले आणि बाळू मुंबईला आले. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली. मरीन लाइन्सच्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशालाही काही सभासदांनी नाके मुरडली, पण कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि दार उघडले. फेब्रुवारी १९०६मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला आणि हिंदूंनी तो १०९ धावांनी जिंकला. दोन्ही डावांत मिळून बाळूंचे बळी आठ. बंगालच्या फाळणीने देश पेटलेला असताना मिळालेल्या या विजयाचा अर्थ मैदानापुरता राहिला नाही. समाजसुधारकांच्या पत्रांनी त्यात जातिभेद ओलांडल्याचे फळ पाहिले.

१९११मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. शिवरामही बरोबर होते. महाराजांचे लक्ष राज्यारोहणाच्या समारंभांत अधिक, मैदानावर कमी. संघ २३पैकी १५ सामने हरला. बाळू तिशी ओलांडून गेलेले, खांदा दुखरा. तरीही त्यांनी दौऱ्यात ११४ बळी घेतले, त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांनी अकरा गडी बाद केले. सॉमरसेटविरुद्ध एका गड्याने मिळालेल्या विजयात शिवराम यांनी नाबाद शतक ठोकले. ज्या घरातल्या थोरल्याला जाळीत बॅट मिळाली नव्हती, त्या घरातल्या धाकट्याचे हे शतक होते.

बोट परतल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र भीमराव आंबेडकर नावाच्या महाविद्यालयीन तरुणाने लिहिल्याचे अभ्यासक सांगतात.

पॅव्हेलियनचे दार उघडले होते. त्यातली मधली खुर्ची मात्र अजून दूर होती. चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचे सर्वांत अनुभवी आणि यशस्वी खेळाडू बाळूच होते, पण कर्णधारपद दर वर्षी दुसऱ्याकडे जाई. १९१३मध्ये ते एम. डी. पै यांच्याकडे आले. हा मान खरे तर बाळूंचा होता, हे पै यांनीच सत्काराच्या वेळी मोकळेपणाने बोलून दाखवले. असा मोठेपणा निवड समितीतल्या कोणाला सुचला नाही.

१९२०मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. पै आजारी असूनही नेतृत्वासाठी विठ्ठल यांचा विचार झाला नाही. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि कारणे जाहीर केली. जातीमुळे डावलले जाते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता मांडले. आजही एखाद्या खेळाडूने निवड समितीविरुद्ध असे उभे राहणे सोपे नाही. पुढच्या सामन्यात भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाले आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेवढ्यापुरते संघाचे नेतृत्व बाळूंच्या हाती आले. तेवढेच.

तीन वर्षांनी, १९२३मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी त्यांनी चौरंगी जिंकून दिली. विठ्ठल यांनी पुढे मराठीत आत्मचरित्र लिहिले. बाळूंनी स्वतः असे काही लिहून ठेवले नाही, ही आपली हानी. खेळ थांबला तेव्हा ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी त्यांच्या नावावर होते, तेही पंधराच्या आसपास सरासरीने.

मैदानानंतरचे आयुष्य गुंतागुंतीचे झाले. १९३२च्या पुणे करारावर आंबेडकरांबरोबर बाळूंचीही स्वाक्षरी आहे. मात्र त्यांचा कल संयुक्त मतदारसंघांकडे, गांधीजी आणि काँग्रेसकडे होता. १९३७च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. मानपत्र लिहिणारा आणि स्वीकारणारा मतपत्रिकेवर असे समोरासमोर आले. दलित राजकारणाच्या इतिहासात बाळू पराभूत बाजूला गेले आणि पुढे बराच काळ त्यांचा उल्लेखही कमी झाला. त्यांनी आपल्या अनुभवावरून निष्कर्ष काढला होता. खेळाने त्यांना हळूहळू का होईना आत घेतले होते आणि समाजही घेईल असे त्यांना वाटले असावे. आंबेडकरांचा अनुभव निराळा होता.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. अंत्ययात्रेत क्रिकेटपटू होते आणि दलित पुढारीही. नंतर विस्मरणाची चार-पाच दशके गेली. २००२मध्ये रामचंद्र गुहा यांच्या क्रिकेट-इतिहासाच्या ग्रंथाने त्यांना पुन्हा उजेडात आणले. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या ‘लगान’मधील कचरा या फिरकीपटूत अनेकांना बाळूंची छाया दिसली.

प्रभादेवीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पाटीवर पी. बाळू मार्ग एवढेच लिहिलेले असते. पत्ता विचारणारे बरेच असतात, हे बाळू कोण असे विचारणारा मात्र क्वचितच भेटतो. शिवाजी पार्क तिथून फार लांब नाही. रविवारी तिथेही पहाटेच रोलर फिरू लागतो.