डॉ. अलेक्झांडर गिब्सन : झाडांना नावानिशी ओळखणारा वैद्य

जुन्नर येथे एका परदेशी वैद्याची कबर आहे. त्याचे नाव डॉ. अलेक्झांडर गिब्सन. आपल्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील डोंगर, राने व वनस्पती ह्यांच्याशी त्याचा जितका निकट संबंध आला, तितका फार थोड्या परक्यांचा आला असेल. परमेश्वराच्या सृष्टीतील जीवांना ओळखावे कसे आणि त्यांची मांडणी कशी करावी, हा धडा त्याच्या चरित्रातून आपल्या मंडळ्यांतील लहानथोरांस चांगला घेता येतो. म्हणून ते येथे संक्षेपाने सांगत आहे.

गिब्सन ह्याचा जन्म इ. स. १८०० मध्ये स्कॉटलंड देशातील किंकार्डिन परगण्यात झाला. एडिंबरो येथे त्याने वैद्यकाचा अभ्यास केला आणि इ. स. १८२५ च्या सुमारास तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत वैद्य म्हणून मुंबई इलाख्यात आला. येथील लोकांत काम करावयाचे तर त्यांची भाषा आली पाहिजे, हे जाणून तो मराठी, हिंदुस्थानी व गुजराती शिकला. पुढे दख्खन व खानदेश ह्या प्रांतांत देवी टोचण्याचे काम त्याच्याकडे आले. गावोगाव फिरून मुलांना देवी टोचताना त्याची पावले जशी घरांच्या उंबरठ्यांकडे वळली, तशीच रानांकडेही वळली.

त्या काळचे वैद्यक बहुतांशी वनस्पतींवर अवलंबून होते. ज्याला झाडपाला ओळखता येत नाही, त्याला औषध देण्याचा अधिकार कसा असावा? म्हणून त्या काळी वैद्याला वनस्पतिशास्त्र शिकावेच लागे. गिब्सनला तर त्याची मुळापासून आवड होती. इ. स. १८३८ मध्ये पुण्याजवळील दापोडी येथील सरकारी वनस्पती-उद्यानाचा कारभार त्याच्याकडे आला. त्याच कारभारात आपल्या जुन्नर तालुक्यातील हिवरे येथेही एक बाग होती. तेथे औषधी वनस्पतींची लागवड होऊन त्यांपासून सरकारी रुग्णालयांसाठी औषधे तयार केली जात. सोनामुखी व खुरासानी ओवा ह्या त्यांपैकी दोन होत.

ह्या खुरासानी ओव्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. नाव ऐकून कोणासही वाटेल की हा आपल्या घरातील ओव्याचाच भाऊ असावा. परंतु तसे नाही. आपला ओवा हा धणे, जिरे व बडीशेप ह्यांच्या कुलातील. त्याची फुले बारीक असून छत्रीसारख्या गुच्छांत येतात. खुरासानी ओवा मात्र धोतरा, तंबाखू, मिरची व वांगे ह्यांच्या कुलातला आहे, आणि त्यात धोतऱ्यासारखेच विष आहे. योग्य मात्रेने दिल्यास तो वेदना शमवितो. अजाणतेपणे दिल्यास प्राण घेतो. नाव सारखे म्हणून गुण सारखा, असे मानणाऱ्याचा येथे घात होतो. फूल, फळ, बी व पान ही नीट तपासून जो कुल ओळखतो, तोच वाचतो व वाचवितो. सातगाव पठारावरील बटाटाही ह्याच कुलातील आहे. म्हणूनच हिरवा पडलेला व कोंब आलेला बटाटा खाऊ नये. त्यात त्या कुलाचा विषारी अंश वाढलेला असतो.

आता जीवांना शास्त्रीय नावे देण्याची रीत कोणी घातली? स्वीडन देशात लिनीयस नावाचा एक पंडित इ. स. १७०७ मध्ये जन्मला. तो एका लुथरन पाळकाचा मुलगा होता. प्रत्येक जीवाला दोन शब्दांचे लॅटिन नाव देण्याची रीत त्याने चालू केली. वनस्पतींसाठी ती इ. स. १७५३ च्या ग्रंथात व प्राण्यांसाठी इ. स. १७५८ च्या आवृत्तीत पक्की झाली. पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. आपल्याकडे जसे आडनाव व नाव, तसेच हे समजावे. आपल्या पश्चिम भागात हिरडा, बेहडा, ऐन व अर्जुन हे चार वृक्ष आहेत. हिरड्याचे फळ गुळगुळीत वा किंचित कंगोऱ्यांचे, ऐनाच्या फळाला पाच पंख. दिसण्यात इतका भेद असूनही फुलांची घडण पाहून शास्त्रज्ञांनी हे चारही एकाच प्रजातीत ठेविले आहेत. तिचे नाव टर्मिनालिया. अनेक प्रजातींचे एक कुल, अनेक कुलांचा एक गण, गणांचा वर्ग, वर्गांचा विभाग अथवा संघ आणि शेवटी सृष्टी, अशी ही पायरीपायरीची उतरंड आहे. भीमाशंकरच्या रानातील शेकरू व आपल्या अंगणातील खार ही एकाच कुलातील होत. परंतु त्यांच्या प्रजाती निराळ्या.

लिनीयसने जीवांचे वनस्पती व प्राणी असे दोनच मोठे भाग केले होते. पुढे सूक्ष्मदर्शक यंत्राने नवे नवे जीव दिसू लागले तेव्हा ते दोन भाग पुरेनात. इ. स. १९६९ मध्ये व्हिटेकर ह्या शास्त्रज्ञाने पाच सृष्टी मांडल्या. साध्या पेशीचे जीवाणू, एकपेशीय आदिजीव, कवके, वनस्पती व प्राणी, अशा त्या पाच होत. पावसाळ्यात उगवणारी अळंबी पूर्वी वनस्पतींत गणली जात असे. पण ती सूर्यप्रकाशापासून आपले अन्न करीत नाही, म्हणून ती निराळ्या घरात गेली. तरीही ह्या सर्वांना एक समान खूण आहे. सजीव हा पेशींचा बनलेला असतो. तो अन्न घेतो, श्वसन करतो, वाढतो, टाकाऊ पदार्थ बाहेर टाकतो, बाहेरच्या स्पर्शास व प्रकाशास प्रतिसाद देतो, आपल्यासारखे दुसरे जीव उत्पन्न करतो आणि शेवटी मरतो. दगड व धूळ ह्यांत हे नाही. ज्या देवीच्या रोगाविरुद्ध गिब्सनने गावोगाव लस टोचली, त्या रोगाचा विषाणू मात्र ह्या सीमेवर उभा आहे. त्याला स्वतःची पेशी नाही. दुसऱ्याच्या जिवंत पेशीत शिरल्यावरच तो वाढतो. तो रोग इ. स. १९८० मध्ये सर्व जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

गिब्सनच्या कारकिर्दीत दापोडी येथे एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराने बागेतील वनस्पतींची शंभरांहून अधिक चित्रे काढली. ती आज एडिंबरोच्या उद्यानात जतन केलेली आहेत. त्या चित्रकाराचे नाव कोठे नोंदलेले आढळत नाही; परंतु त्याच्या हाताचे काम टिकून आहे. मंडळीच्या सेवेत पुष्कळांची नावे लिहिली जात नाहीत, त्यांनी हे मनात ठेवावे.

इ. स. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक म्हणून गिब्सनची नेमणूक झाली. त्यापूर्वीच त्याने सरकारास बजाविले होते की, डोंगरांवरील झाडी तोडल्याने झरे आटतात, माती वाहून जाते व खाड्या गाळाने भरतात. जहाजांसाठी सागवान हवे म्हणून कुऱ्हाड चालत असता हे बोलणे सोपे नव्हते. मात्र सत्य सांगावयाचे तर वनरक्षणाच्या त्या कारभाराची दुसरी बाजूही आहे. रान जाळून नाचणी-वरी पेरणाऱ्या डोंगरी लोकांवर त्याने निर्बंध घातले, आणि त्यानंतरच्या कायद्यांनी रानातील गरिबांचे हक्क आणखी आवळले. झाड वाचविणाऱ्याने झाडाखाली राहणाऱ्या माणसाचाही विचार केला पाहिजे, ही शिकवण आपण ह्यातून घ्यावी.

इ. स. १८६० मध्ये तो सेवानिवृत्त झाला. पुढच्याच वर्षी, इ. स. १८६१ मध्ये, त्याचा व निकोल डॅल्झेल ह्याचा मिळून लिहिलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात रानांतील वनस्पतींची कुलवार वर्णने आहेत, आणि बाहेरून आणलेल्या वनस्पतींची पुरवणीही जोडलेली आहे. इ. स. १९०१ ते १९०८ ह्या काळात थिओडोर कुक ह्याने ह्याच प्रदेशाचा जो मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या आधी ही पायवाट ह्या दोघांनी घातली होती. गिब्सनच्या स्मरणार्थ एका रानफुलाच्या जातीस त्याचे नाव मिळाले. ते फूल हबेनारिया ह्या आमरींच्या प्रजातीतले आहे. दिनांक १६ जानेवारी १८६७ रोजी त्याचा अंत झाला.

त्याचा सोबती डॅल्झेल ह्याने आपल्या भागातील एका वनस्पतीचे वर्णन त्याच दशकात केले. शिवनेरीच्या कड्यांवर ती आढळते व आपले लोक तिला शिवसुमन म्हणतात. तिची लालभडक चांदणीसारखी फुले पावसाळ्याच्या अखेरीस कपारींतून डोकावतात. मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर ह्याच्या नावावरून तिला फ्रेरीआ असे नाव दिले गेले, आणि त्या प्रजातीत ती एकटीच होती. माकडशिंगीसारख्या तिच्या आप्तांना पाने नसल्यासारखीच असतात, हिला मात्र हिरवी पाने. म्हणून तिला वेगळे घर मिळाले. पुढे अधिक बारीक तपास झाल्यावर शास्त्रज्ञांनी तिला आप्तांच्याच प्रजातीत नेले. यावरून दिसते की, माणसाने केलेली वर्गवारी सुधारत जाते. जीव मात्र जसा निर्मिला तसा कड्यावर उभा असतो. जो आपली चूक आढळल्यावर वही दुरुस्त करतो, तोच खरा अभ्यासक.

आता आपल्या मंडळ्यांस जे विशेष सांगावयाचे ते असे. आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथे जुनी देवराई आहे. अशा राया आपल्या पूर्वजांनी देवाच्या कोपाच्या भयाने राखल्या. फांदी तोडली तर अरिष्ट येईल, ही समजूत होती. आपण ख्रिस्ती झालो आणि ते भय सोडले, हे योग्यच झाले. परंतु भय गेल्याबरोबर कुऱ्हाड उचलावी, असे शुभवर्तमानात कोठे शिकविले आहे? उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या मनुष्यास प्राण्यांची नावे ठेवण्याचे काम सोपविले, तसेच बाग राखण्याचेही सोपविले. शलमोन राजाचे ज्ञान मोठ्या वृक्षापासून भिंतीवरच्या झुडपापर्यंत पोहोचले होते, असे शास्त्र सांगते. आणि प्रभूने आपल्या शिष्यांस रानातील फुलांकडे निरखून पाहावयास सांगितले. जे भयाने राखले जात होते, ते आता धन्याचे आहे म्हणून प्रीतीने राखावे. तसे न केल्यास आपले शेजारी म्हणतील की ह्यांचा धर्म आला आणि रान गेले. आणि त्यांस उत्तर देणे आपल्यास कठीण जाईल.

तरी उपदेशक बंधूंनी शब्बाथशाळेतील मुलांना वर्षातून काही वेळा रानात न्यावे. दहा झाडे निवडून त्यांचे पान, फूल व फळ पाहावयास लावावे. घरातील वृद्ध आजी-आजोबा त्यांस कोणत्या नावाने ओळखतात, ते विचारून वहीत लिहून घ्यावे. कोणते खाण्याचे, कोणते औषधी व कोणते विषारी, हे जाणत्यास विचारल्यावाचून कोणीही मुखात घालू नये, हेही बजावावे. वृद्ध गेले की नावे जातात, आणि ज्याचे नाव ठाऊक नाही ते झाड सरपण होते. परदेशातून आलेल्या एका वैद्याने आपल्या डोंगरांतील झाडे नावानिशी ओळखली. येथेच जन्मलेल्या आपल्या मुलांनी ती त्याहून कमी ओळखावीत, हे शोभणारे नाही.