व्हिक्टर बर्जेरॉन

व्हिक्टर ज्यूल्स बर्जेरॉन, कनिष्ठ (१० डिसेंबर १९०२ – ११ ऑक्टोबर १९८४) हे अमेरिकन उपाहारगृह व्यावसायिक व लेखक होते. ते 'ट्रेडर व्हिक' या नावाने ओळखले जात. रम आणि ताज्या लिंबाच्या रसापासून बनणाऱ्या 'माय ताय' या मिश्र पेयाचे जनकत्व सामान्यतः त्यांना दिले जाते.

सुरुवातीचे जीवन

बर्जेरॉन यांचा जन्म सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. लहानपणी गुडघ्याला क्षय झाल्याने त्यांचा एक पाय कापावा लागला व पुढील सारे आयुष्य त्यांनी कृत्रिम पायावर काढले. हा पाय शार्क माशाने तोडल्याची कथा ते ग्राहकांना रंगवून सांगत, असे म्हणतात.

अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठली. पुढच्याच वर्षी त्यांनी ओकलंडमध्ये, आईवडिलांच्या किराणा दुकानासमोर, 'हिंकी डिंक्स' हे छोटे खानपानगृह उघडले. नंतर ते हवाना येथे गेले आणि तेथील 'ला फ्लोरिडा' मद्यगृहात कॉन्स्टान्टिनो रिबालाइग्वा यांचे डायकिरी बनवण्याचे कौशल्य त्यांनी जवळून पाहिले. लॉस एंजेलिसमधील डॉन बीच यांच्या उपाहारगृहाचाही त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. परतल्यावर त्यांनी आपल्या जागेला दक्षिण समुद्रातील बेटांचे रूप दिले व नाव बदलून 'ट्रेडर व्हिक्स' ठेवले. वस्तूंची देवाणघेवाण करण्याच्या त्यांच्या सवयीवरून पत्नीने हे नाव सुचवले, असे सांगितले जाते.

माय ताय

इ.स. १९४४ मध्ये त्यांच्यासमोर १७ वर्षे मुरलेल्या जमैकन रमची एक बाटली होती. अशा रमची चव झाकू नये, असा त्यांचा विचार होता. म्हणून त्यांनी सुमारे ६० मिलिलिटर रममध्ये एका ताज्या लिंबाचा रस, संत्र्याच्या सालीचे क्युरासाओ मद्य, बदामाचे सरबत व थोडा खडीसाखरेचा पाक एवढेच घातले. किसलेल्या बर्फासह ते हलवून वर पिळलेल्या लिंबाची अर्धी साल आणि पुदिन्याची डहाळी ठेवली. ताहितीहून आलेल्या मित्रांना ते चाखायला दिले असता त्यांनी तेथील भाषेत 'उत्तम' अशा अर्थाचे उद्गार काढले व त्यावरूनच पेयाचे नाव पडले.

पेयाची लोकप्रियताच त्याच्या मूळ रूपाला मारक ठरली. मागणी इतकी वाढली की ती विशिष्ट रम संपली. मग कमी मुरलेली रम आणि पुढे जमैका व मार्टिनिक येथील रमचे मिश्रण वापरावे लागले. १९५३ मध्ये बर्जेरॉन यांनी हे पेय हवाईतील हॉटेलांत नेले. तेथे कालांतराने त्यात अननसाचा रस मिसळला जाऊ लागला आणि बहुतेक पर्यटकांना तेच गोड रूप खरे वाटू लागले. मूळ कृतीत अननस नाही.

जनकत्वाचा वाद

आपल्या आधीच्या एका पेयावरूनच माय ताय तयार झाले, असा डॉन बीच यांच्या बाजूचा दावा होता. वर दिलेली हकिगत मुख्यतः बर्जेरॉन यांनीच पुढे लिहिलेल्या निवेदनावर आधारलेली आहे. त्यांच्या १९४७ च्या मद्यविषयक पुस्तकात माय तायची कृती नाही. मात्र धंद्यातील स्पर्धेमुळे त्या काळी अशा कृती गुप्त ठेवल्या जात. खुद्द डॉन बीच आपल्या मिश्रणांच्या बाटल्यांवर सांकेतिक खुणा करीत. त्यामुळे केवळ या अनुपस्थितीवरून बर्जेरॉन यांचा दावा खोटा ठरत नाही. दोन्ही पेयांच्या घटकांतही बराच फरक आहे. दुसऱ्याने श्रेय घेतल्याचा बर्जेरॉन यांना तीव्र राग होता आणि १९७० मध्ये त्यांनी आपली बाजू जाहीरपणे मांडली.

उत्तरायुष्य

ट्रेडर व्हिक्सच्या शाखा अमेरिकेबाहेरही निघाल्या. लंडनची शाखा १९६३ मध्ये सुरू झाली. बर्जेरॉन यांनी पाककृतींची व मिश्र पेयांची अनेक पुस्तके लिहिली, तसेच १९७३ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. कॅलिफोर्नियातील हिल्सबरो येथे वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.